घरी बांधलेल्या आरव्ही-१२ चे प्रमाणपत्र आणि विमा : दोन सेवांचे परीक्षण

अमेरिकेत व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही-१२ या दोन आसनी विमानाच्या किटचे, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांच्या संचाचे, बांधकाम संपले, की बांधणाऱ्याला दोन सेवांशी व्यवहार करावा लागतो. पहिली सेवा उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र देणाऱ्या नियुक्त प्रतिनिधीची, ज्याला तिथले लोक ‘डीएआर’ या आद्याक्षरांनीच ओळखतात; दुसरी विमान-विम्याच्या ब्रोकरची. मी या दोन्ही सेवा पैसे मोजून घेतल्या आणि दोहोंच्या दर्जात पडलेले अंतर मला अनपेक्षित होते. डीएआर आणि ब्रोकर या दोन्ही व्यक्ती खासगी असल्यामुळे त्यांची नावे येथे दिलेली नाहीत. परीक्षण आहे ते सेवेचे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. प्रमाणपत्र देणारा विमान पाहतो, आणि तेही एकदाच. विमा कंपनी वैमानिक पाहते, आणि तो दरवर्षी नव्याने पाहते. बांधणारे बहुतेक सगळी काळजी पहिल्या तपासणीची करतात आणि विम्याचे काम शेवटच्या आठवड्यात एका फोनवर उरकू पाहतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पहिल्या उड्डाणाच्या दिवशी कोणत्या गोष्टीला संरक्षण आहे आणि कोणत्या गोष्टीला नाही, हे बरेचसे बांधकामाच्या काळात घेतलेल्या निर्णयांवर ठरते, आणि ते निर्णय घेताना ब्रोकर समोर असायला हवा.

त्यातला सर्वांत मोठा निर्णय म्हणजे प्रमाणपत्र कोणत्या वर्गात घ्यायचे. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, २००४ मध्ये ‘लाइट स्पोर्ट’ हा वर्ग आणला तेव्हा त्याची चौकट नेमकी होती : कमाल उड्डाण-वजन १,३२० पौंड, म्हणजे सुमारे ६०० किलो, आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानासाठी १,४३० पौंड, उंची न बदलता पूर्ण शक्तीने उडताना १२० नॉटपेक्षा (ताशी सागरी मैलांपेक्षा) अधिक नसलेला वेग, फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या, न वापरता ४५ नॉटपर्यंतचा स्टॉल वेग (ज्याच्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो वेग), जास्तीत जास्त दोन आसने आणि एकच पिस्टन इंजिन. या चौकटीत बसणारे घरी बांधलेले विमान दोन वाटांनी प्रमाणित होऊ शकते. एक वाट ‘एक्स्पेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट’ची, जिथे बांधकामाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः केला असल्याचे दाखवावे लागते, याच अटीला सर्वजण ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. दुसरी वाट ‘एक्स्पेरिमेंटल लाइट स्पोर्ट’ची, म्हणजे ई-एलएसएची. इथे ५१ टक्क्यांची अट नाही, कोणी किती काम केले हे विचारले जात नाही, पण किट उत्पादकाच्या सूचनांबाहेर एक स्क्रूही जाता कामा नये. उत्पादकाने त्याच मॉडेलचे एक विमान आधी कारखान्यात बांधून प्रमाणित केलेले असावे लागते, आणि किट ठरलेल्या मानकांनुसार असल्याचे निवेदन ८१३०-१५ या फॉर्मवर त्याने द्यावे लागते.

मी ई-एलएसए निवडले आणि त्यामागचे मुख्य कारण विम्याशी जोडलेले होते. अमॅच्युअर-बिल्ट वर्गात पहिल्या टप्प्याची चाचणी-उड्डाणे, इंजिन आणि प्रोपेलर यांची जोडी प्रमाणित असेल तर परंपरेने २५ तासांची आणि नसेल तर ४० तासांची असतात. आरव्ही-१२ मध्ये सुरुवातीपासून वापरले गेलेले १०० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ यूएलएस हे इंजिन त्या अर्थाने प्रमाणित नाही, म्हणजे हिशेब ४० तासांचा. ई-एलएसए म्हणून प्रमाणित झालेल्या त्याच विमानाला हा टप्पा सहसा ५ तासांचा लागतो, कारण रचना आधीच सिद्ध झाली आहे असे गृहीत धरलेले असते. पहिल्या टप्प्यात प्रवासी नेता येत नाही, विमान ठरवून दिलेल्या क्षेत्राबाहेर जात नाही, आणि विमा कंपनीला तर याच काळाची सर्वांत जास्त धास्ती वाटते. हा काळ जितका आखूड, तितके बोलणे सोपे होते. ज्यांना उपकरणांची मांडणी आपल्या मनासारखी करायची आहे किंवा वेगळे इंजिन बसवायचे आहे, त्यांच्यासाठी अमॅच्युअर-बिल्टच योग्य. मला तसे काही करायचे नव्हते. शिवाय ई-एलएसए प्रमाणपत्र मिळाल्यानंतर मालकाला बदल करता येतात, फक्त मोठ्या बदलानंतर विमान पुन्हा चाचणीच्या टप्प्यात टाकावे लागते.

आता डीएआरच्या सेवेविषयी. एफएएचे स्वतःचे निरीक्षक हे काम शुल्क न घेता करतात, पण त्यांची वेळ मिळण्याची शाश्वती नसते. डीएआर शुल्क घेतो, काही शे डॉलरपासून हजाराच्या वरही, शिवाय प्रवासखर्च वेगळा. माझ्या डीएआरने पहिल्याच संभाषणात शुल्क, त्यात येणाऱ्या गोष्टी आणि दुसरी फेरी लागल्यास होणारा खर्च लेखी कळवला. ही साधी गोष्ट वाटेल, परंतु पुढे ब्रोकरकडून जे मिळाले त्याच्याशी तुलना केली तर तिची किंमत कळते.

त्याने तपासणीच्या तारखेच्या बऱ्याच आधी सर्व कागद मागवून घेतले : नोंदणी प्रमाणपत्र, ८१३०-६ हा उड्डाणयोग्यतेचा अर्ज, उत्पादकाचे निवेदन, वजन आणि समतोलाचा तक्ता, विमानाची तीन बाजूंची रेखाचित्रे, आणि विमान कोणत्या हेतूने व कोणत्या क्षेत्रात उडवायचे याचे पत्र. अर्ज एफएएच्या ऑनलाइन प्रणालीतून भरावा लागतो आणि ती प्रणाली वापरणाऱ्याची कसोटी पाहते, हे सौम्य शब्दांत सांगावे लागेल. डीएआरने एकच गोष्ट पुनःपुन्हा बजावली : नोंदणीवरचे मॉडेलचे नाव आणि अनुक्रमांक, आगीत न जळणाऱ्या धातूच्या पट्टीवरचे नाव आणि अनुक्रमांक, आणि अर्जातले नाव आणि अनुक्रमांक हे अक्षरशः सारखे असले पाहिजेत, एखादी आडवी रेघ कमी-जास्त झाली तरी अर्ज अडू शकतो. नोंदणीचा अर्ज बांधकाम पूर्ण होण्याच्या कित्येक महिने आधी करावा लागतो, त्या वेळी कुणाच्या डोक्यात हे नसते, म्हणून हा सल्ला लवकर मिळणे महत्त्वाचे.

प्रत्यक्ष तपासणीत त्याने विमानाची सर्व झाकणे आणि इंजिनावरचे आवरण काढून ठेवायला सांगितले होते. नियंत्रणाचा दांडा डावीकडे नेला की डावा एलेरॉन, म्हणजे पंखामागची विमान कलते करणारी पट्टी, वर जातो का, हे त्याने मला कॉकपिटमध्ये बसवून आणि स्वतः पंखाशी उभे राहून पाहिले. नियंत्रणाच्या प्रत्येक जोडणीवरचा बोल्ट, त्यातली कॉटर पिन किंवा लॉकनट, इंधनाच्या नळ्यांची पकड, इंजिन आणि केबिन यांमधल्या आगरोधक भिंतीतली छिद्रे, आसनपट्ट्यांचे अँकर, इतक्या गोष्टी पाहून झाल्यावर तो सूचनाफलकांकडे वळला. प्रवेशाजवळ ‘एक्स्पेरिमेंटल’ हा शब्द २ ते ६ इंच उंचीच्या अक्षरांत असावा लागतो आणि त्याने ती अक्षरे खरोखर मोजली. मात्र हेही नीट समजून घ्यायला हवे, की या तपासणीचा अर्थ ‘विमान सुरक्षित आहे’ अशी हमी नव्हे. अर्ज नियमात बसतो, कागद जुळतात आणि दिसणाऱ्या भागांत धोकादायक काही आढळले नाही, एवढेच गुलाबी रंगाचे ते विशेष उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र सांगते. बंद झालेल्या पंखाच्या आत काय आहे, हे डीएआर पाहू शकत नाही.

ती उणीव भरून निघते ती दुसरीकडून. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश येथे मुख्यालय असलेली एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, म्हणजे ईएए, ही १९५३ मध्ये पॉल पोबेरेझनी यांनी सुरू केलेली संस्था आपल्या सभासदांना स्वयंसेवी तांत्रिक सल्लागार उपलब्ध करून देते. हे अनुभवी बांधकाम करणारे पंख बंद होण्यापूर्वी येऊन पाहतात आणि पैसे घेत नाहीत. त्यांच्या भेटींची नोंद लॉगबुकात ठेवावी; विम्याचा अर्ज करताना ती दाखवता येते. सशुल्क आणि विनाशुल्क अशा सर्व सेवांत मला ही सर्वांत मोलाची वाटली.

डीएआरच्या सेवेतला सर्वांत उपयुक्त भाग शेवटी आला. प्रमाणपत्रासोबत जोडल्या जाणाऱ्या ‘ऑपरेटिंग लिमिटेशन्स’, म्हणजे उड्डाणाच्या अटींची पाने, त्याने माझ्यासमोर बसून कलमवार वाचली आणि प्रत्येक अटीचा अर्थ विचारला. ही पाने विमानात कायम ठेवावी लागतात, आणि दर बारा महिन्यांनी कंडिशन इन्स्पेक्शन, म्हणजे विमानाच्या स्थितीची तपासणी, करून लॉगबुकात ठरावीक शब्दांत नोंद करण्याचे बंधनही त्यांतच असते. ई-एलएसएच्या मालकाला १६ तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करून आपल्या विमानाची ही वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा परवाना मिळवता येतो, हेही त्याने सांगितले. एकच तक्रार : चाचणीचे क्षेत्र आखताना त्याने नेहमीचा साचा वापरला, आणि दाट वस्तीवरून जाणारी एक दिशा वगळण्यासाठी मला दोनदा आग्रह धरावा लागला. तरीही पाचपैकी साडेचार गुण मी विनासंकोच देईन.

विम्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती अधिक सविस्तर सांगावी लागेल. खासगी विमानाला विमा असलाच पाहिजे असा अमेरिकेत संघीय कायदा नाही. काही राज्यांचे स्वतःचे नियम आहेत, आणि बहुतेक वेळा बंधन येते ते हँगरच्या भाडेकराराकडून किंवा कर्ज देणाऱ्याकडून. बाजार छोटा आहे. बहुसंख्य विमा कंपन्या फक्त ब्रोकरमार्फत काम करतात. अ‍ॅव्हेम्कोसारखी कंपनी ग्राहकाला थेट पॉलिसी विकते. या रचनेत एक खाच आहे. एका ब्रोकरने तुमचा अर्ज एखाद्या कंपनीकडे नेला, की तीच कंपनी दुसऱ्या ब्रोकरला सहसा दर देत नाही. म्हणून तीन ब्रोकरना एकाच वेळी फोन करून भाव काढण्याची आपली सवय इथे उलटते. ब्रोकर एकच नेमावा, आणि तो नेमण्याआधी त्याने घरी बांधलेल्या विमानांची किती कामे केली आहेत हे विचारावे.

बांधकाम चालू असतानाच विमा लागतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. घराच्या नेहमीच्या पॉलिसीतून विमान आणि विमानाचे सुटे भाग वगळलेले असतात; गॅरेजमध्ये ठेवलेले पंख, इंजिन आणि हजारो डॉलरची उपकरणे आगीत गेली तर घराची विमा कंपनी ते मानणार नाही. यासाठी बांधकाम काळाची स्वतंत्र पॉलिसी मिळते, जिची रक्कम काम पुढे जाईल तशी वाढवता येते. माझ्या ब्रोकरने ही पॉलिसी तत्परतेने मिळवून दिली, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे.

अडचण आली ती उड्डाणाच्या पॉलिसीत. प्रत्येक पॉलिसीचे दोन भाग असतात. एक विमानाच्या नुकसानीचा, ज्याला ‘हल’ म्हणतात, आणि दुसरा इतरांच्या हानीच्या जबाबदारीचा. हलचे संरक्षण तीन पायऱ्यांत मिळते : विमान उभे असताना, जमिनीवर चालताना धरून, आणि उड्डाणासह. मी मागितले होते तिसरे. मसुद्यात होतेही तिसरे. पण पुढच्या एका पुरवणीत लिहिले होते, की सुरुवातीच्या ठरावीक तासांत उड्डाणातील हल-संरक्षण लागू नाही. ही अट गैर नाही. काही कंपन्या ती घालतात, काही कंपन्या वैमानिकाने त्याच मॉडेलवर प्रशिक्षण घेतले असल्यास पहिल्या उड्डाणापासून पूर्ण संरक्षण देतात. गैर हे, की ब्रोकरने तिचा उल्लेख केला नाही आणि विचारल्यावर ‘सगळ्यांचेच असे असते’ असे उत्तर दिले. सगळ्यांचे तसे नसते. कारखान्यात बांधलेल्या आरव्ही-१२ वर प्रशिक्षकासोबत उडवलेले तास दाखवून दुसऱ्या कंपनीकडे विचारणा करा, असे मी लेखी कळवल्यावर ती अट गेली. इथे या मॉडेलचा एक मोठा फायदा दिसतो : त्याची कारखान्यात बांधलेली आवृत्ती असल्यामुळे भाड्याने प्रशिक्षण घेता येते आणि ते तास ‘त्याच मेक आणि मॉडेलचे’ म्हणून मोजले जातात. प्लॅनवरून बांधलेल्या एकमेव विमानाच्या मालकाला हे सुख नाही.

हलची रक्कम ठरवताना ब्रोकरने दिलेला सल्ला तर मी चुकीचाच म्हणेन. हप्ता कमी करण्यासाठी किटच्या खर्चाइतकीच रक्कम लिहा, श्रमाची किंमत धरू नका, असे तो म्हणाला. या पॉलिसीत रक्कम आधीच मान्य केलेली असते, आणि त्यातूनच सापळा तयार होतो. समजा, विमानाची बाजारातली किंमत १,००,००० डॉलर आहे आणि विमा ७०,००० डॉलरचा आहे. अपघातात ५५,००० डॉलरची दुरुस्ती निघाली. मोडके विमान ३०,००० डॉलरला विकले जात असेल, तर कंपनीला दुरुस्तीपेक्षा ७०,००० डॉलर देऊन ते ताब्यात घेणे स्वस्त पडते, कारण तिचा निव्वळ खर्च ४०,००० डॉलर होतो. दुरुस्त होऊ शकणारे विमान त्यामुळे मालकाच्या हातून जाते, आणि त्या पैशांत तसे दुसरे मिळत नाही. वाचलेला हप्ता या तोट्यापुढे काहीच नाही. उलट फुगवलेली रक्कमही वाईट : तिच्यामुळे पार मोडलेले विमान कंपनी दुरुस्त करवत बसते.

जबाबदारीच्या भागात ‘१० लाख डॉलर’ हा आकडा ठळक अक्षरांत दिसतो आणि त्याखाली ‘प्रति प्रवासी १ लाख डॉलर’ अशी मर्यादा असते. दोन आसनी विमानात प्रवासी एकच, आणि तो बहुधा आपल्या ओळखीचा. म्हणजे ज्या व्यक्तीच्या बाबतीत जबाबदारी येण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिच्यासाठी खरी मर्यादा एक लाखाचीच. ही उपमर्यादा नसलेली पॉलिसी मिळू शकते, पण ती महाग असते आणि नवख्या वैमानिकाला सहज दिली जात नाही. इतर वैमानिकांविषयीचे कलमही असेच वाचण्यासारखे आहे. ठरावीक तास असलेल्या कोणालाही विमान उडवू देता येते, असे ते सांगते; परंतु त्यातून संरक्षण मिळते ते मालकाला. उडवणाऱ्या मित्राकडून विमा कंपनी नुकसान वसूल करू शकते, हे त्या मित्राला सांगणे मालकाचे कर्तव्य आहे. आणि विमान विकल्यावर पॉलिसी संपते. बांधणारा म्हणून धातूच्या पट्टीवर राहिलेल्या नावाची जबाबदारी सर्वसाधारण पॉलिसीत येत नाही.

दोन्ही सेवा एकमेकींना भिडतात ती जागा पॉलिसीच्या अटींत आहे. प्रमाणपत्र वैध असणे, वैमानिकाचा परवाना आणि चोवीस महिन्यांतला फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे प्रशिक्षकासोबतची उजळणी, चालू असणे, वैद्यकीय पात्रता असणे, या गोष्टी तिथे गृहीत धरलेल्या असतात. कंडिशन इन्स्पेक्शनची तारीख उलटली आणि त्यानंतर विमान उडवले, तर दावा नाकारण्याचे कारण कंपनीच्या हातात आयते येते. डीएआरने ज्या अटी वाचून घेतल्या, त्यांचे खरे महत्त्व मला ब्रोकरची पॉलिसी वाचताना कळले. ब्रोकरने मात्र त्या अटींची प्रत कधी मागितली नाही. त्याला मी पाचपैकी दोन गुण देतो, आणि तेही बांधकाम काळाच्या पॉलिसीसाठी.

नव्या नियमांमुळे प्रमाणपत्र आणि विमा यांच्यातली ही दरी वाढण्याची शक्यता आहे. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘मोझॅक’ या एफएएच्या नियमावलीने स्पोर्ट पायलटसाठीची, म्हणजे हलकी विमाने उडवण्याचा मर्यादित परवाना असलेल्या वैमानिकासाठीची, १,३२० पौंडांची मर्यादा काढली. २२ ऑक्टोबर २०२५ पासून ५९ नॉटपर्यंत स्टॉल वेग असलेली, चार आसनांपर्यंतची विमाने त्याला उडवता येतात, प्रवासी मात्र एकच. विमानांच्या प्रमाणनाविषयीचा भाग २४ जुलै २०२६ पासूनचा आहे. ड्रायव्हिंग लायसन्सच्या आधारे वैद्यकीय पात्रता सांगणाऱ्या वैमानिकाला कायद्याने मोठे विमान दिले, याचा अर्थ विमा कंपनीने त्याच अटींवर ते स्वीकारले असा होत नाही. कंपनी वय, एकूण तास आणि त्या मॉडेलवरचे तास पाहूनच दर सांगते. मोठ्या किटसाठी पैसे भरायचे असतील तर भरा, पण त्याआधी ब्रोकरकडून त्या मॉडेलसाठी आपल्या नावाने लेखी अंदाज घ्या.

त्याच डीएआरकडे मी पुन्हा जाईन. ब्रोकर बदलण्यासाठी पॉलिसी संपण्याची वाट पाहावी लागत नाही, कंपनीला नव्या ब्रोकरच्या नेमणुकीचे सहीचे पत्र दिले की पुरते. नूतनीकरणाच्या दोन-तीन महिने आधी ते दिलेले बरे, म्हणजे नव्या ब्रोकरला चाचणी-उड्डाणांचे तास, प्रशिक्षणाची नोंद आणि ऑपरेटिंग लिमिटेशन्सची प्रत घेऊन कंपन्यांशी बोलायला वेळ मिळतो. माझे पत्र गेले आहे.